अक्काचा होकार

विधेयकाची तीन वाचनं मी धुळ्याच्या कॉलेजात नोकरीभर शिकवली. प्रत्यक्षात एकही पाहिलं नव्हतं. पहिलं वाचन, दुसरं वाचन, खंडवार चर्चा, तिसरं वाचन, मग दुसरं सभागृह, मग राज्यपालांची सही. मी फळ्यावर बाण काढत जायचे आणि मागच्या बाकांवर पोरं पेंगत असायची. त्यांना तरी काय बोलणार? मलाही ते फारसं खरं वाटायचं नाही. कायदे बंद दाराआड कुणीतरी ठरवतं आणि आपल्याला टीव्हीवर कळतात, हे माझं घरातलं मत होतं. वर्गातलं वेगळं.

निवृत्तीनंतर हे मत माझ्या थोरल्या बहिणीमुळे मोडीत निघालं. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, मीही. साक्रीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं माहेर. मी शिकून धुळ्याला आले. अक्काला गावातच दिलं, ती तिथंच राहिली. नवरा गेला, पोरी सासरी गेल्या, घरात उरल्या गायी, शेळ्या आणि ती. ढोरांशी ती जेवढं बोलते तेवढं माझ्याशी बोलत नाही, आणि जे बोलते ते तितकं गोडही नसतं.

गावाच्या वरच्या गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प यायचा होता. मोजणीवाले चुन्याच्या खुणा करून गेले. त्या खुणा ढोरांच्या पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर बरोबर आडव्या पडल्या होत्या. त्याच सुमारास अशा प्रकल्पांसाठी सरकारनं विधानसभेत एक विधेयक आणलं. त्यात कुंपणाविषयी पुष्कळ होतं, वाटेविषयी अक्षर नव्हतं. वाट बंद झाली तर ढोरांना टेकडीला वळसा घालून पाण्यावर न्यावं लागणार, आणि उन्हाळ्यात ती निम्म्यातच बसकण मारणार. तसं झालं तर ढोरं विकून टाकीन आणि घराला कुलूप लावून पोरीकडे जाईन, असं अक्का म्हणाली. ती उगाच बोलणारी बाई नाही. मला धडकीच भरली.

इथं आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. आमच्या ग्रामसभेत हात वर करत नाहीत. ठराव वाचला की एका टोकापासून प्रत्येक घराचं माणूस "व्हय" म्हणत जातं. जो गप्प बसला तो विरोधात, असं धरतात. मग ठराव तिथंच थांबतो आणि सगळे मिळून त्याची समजूत काढतात. लहानपणी एका आबांच्या तोंडात तंबाखू होती म्हणून शाळेची भिंत पुढच्या सभेपर्यंत रखडली होती, ते मला अजून आठवतं.

त्या ग्रामसभेत अक्का उठली. "प्लेटा लावा, वीज बठ्ठास्ले लागस. पन ढोरेस्नी पान्यानी वाट सोडा," एवढंच म्हणाली आणि बसली. वीज सगळ्यांनाच लागते, फक्त ढोरांची वाट सोडा, इतकंच तिचं मागणं. घरामागून घर "व्हय" म्हणत गेलं. ठराव आमदारांकडे गेला. मी मनात म्हटलं, झालं, कागद गेला कपाटात.

पण विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं होतं आणि समितीनं लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. आमचीही गेली. समितीपुढे चर्चा झाली. नंतर एका सकाळी आमदारांच्या सहायकानं दुरुस्तीचा छापील मसुदा मला फोनवर पाठवला. अक्काचंच वाक्य होतं ते, फक्त लग्नाला निघाल्यासारखं नटलेलं: पाणवठ्याकडे जाणारा जनावरांचा वहिवाटीचा मार्ग खुला ठेवण्यात येईल आणि कुंपण घालण्यापूर्वी तो ग्रामसभेच्या संमतीने निश्चित करण्यात येईल. माझ्या अंगावर काटा आला. मी तशीच अक्काला फोन लावून वाचून दाखवलं.

"मन्ही वाट शे ना त्यामा?" तिनं विचारलं.

"आहे."

"मंग चाल, दखी येऊत. तू परफेसर शेस ना?"

तिला विधेयक मंजूर होताना बघायचं होतं. अधिवेशन नागपूरला होतं. आमदारांकडून पास मिळाले. आम्ही एसटीनं जळगावला गेलो आणि तिथून रेल्वे धरली. अक्का खिडकीशी बसून वाटेतले विजेचे मनोरे बघत होती. एवढी वीज जाते कुठं, असं तिनं विचारलं.

विधानभवनात फोन, पिशवी, अगदी भाकरीचं फडकंसुद्धा बाहेर ठेवावं लागलं. गॅलरीत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, नीट पाय खाली सोडून बसायचं, असं रक्षकानं बजावलं. मीही अक्काला पुन्हा बजावलं. तिनं मान डोलावली.

खाली बाजार भरल्यासारखा गलका होता. कुणी ओरडत होतं, कुणी उठून बाहेर जात होतं, कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागलं होतं. माझं घरातलं मत पुन्हा डोकं वर काढायला लागलं. एवढ्यात आमचं विधेयक पुकारलं गेलं आणि खंडवार घ्यायला सुरुवात झाली. खंड दोन. प्रश्न असा आहे की... अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. नाही. होयचे बहुमत. खंड तीन. पुन्हा तेच. तो प्रश्न अध्यक्षांनी एकदाही गाळला नाही. कुणी ऐको न ऐको, प्रत्येक खंडाला थांबून विचारत होते. एवढ्या मोठ्या राज्याला एक पाऊल पुढे टाकण्याआधी दर वेळी असं विचारावं लागतं, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! त्या दिवशी ते माझ्या कानांनी ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. उतारवयात रडायला हे एक कारण मिळालं म्हणायचं.

मग आमचा खंड आला. आमदार उठले, दुरुस्ती वाचली. पाणवठा हा शब्द त्या उंच छताखाली घुमला. अक्कानं माझा हात घट्ट धरला. मंत्र्यांनी दुरुस्ती स्वीकारत असल्याचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

"व्हय!"

आवाज माझ्या कानाजवळून आला. डोंगरावरच्या ढोरांना हाक मारायला कमावलेला आवाज. खालची निम्मी डोकी वर वळली. रक्षक धावला, पण अदबीनं, आणि अक्काला दंडाला धरून बाहेर नेऊ लागला. मी मागोमाग निघाले. दार मागे बंद झालं. होयचे बहुमत हे शब्द जन्मभर शिकवले, आणि नेमके हवे होते तेव्हा ते दाराच्या आत राहिले, मी बाहेर.

"अक्का, तुला सांगितलं होतं ना!" मी चिडूनच बोलले.

"मुकी बसनू ते नही व्हयी जाई ना," ती म्हणाली. मला वेड्यात काढावं तशी माझ्याकडे बघत होती.

थोड्या वेळानं सहायक बाहेर आला. दुरुस्ती मंजूर झाली होती. मी अक्काला मिठीच मारली. तिचं समाधान मात्र झालं नव्हतं.

"मन्हं व्हय धरं का तेस्नी?"

मी खरं ते सांगितलं. गॅलरीतला आवाज कामकाजात धरत नाहीत.

"मंग इचारं कसाले?" ती म्हणाली. परतीच्या गाडीत जळगाव येईपर्यंत मी नियम समजावून सांगितले. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढे विधान परिषद झाली, राज्यपालांची सही झाली, राजपत्रात छापून आलं. फळ्यावरचे माझे सगळे बाण एकामागून एक खरे होत गेले आणि दर वेळी मी लहान पोरीसारखी थक्क झाले. शेवटी वाट आखायला ग्रामसभा बसली. मीही गेले. नकाशात वाट होती तशीच सोडलेली होती. ग्रामसेवक माझाच जुना विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. त्यानं ठराव वाचला आणि घरं एका टोकापासून "व्हय" म्हणत आली.

अक्कापाशी येऊन सभा थांबली. अक्का गप्प.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. जिच्या ढोरांसाठी हे सगळं झालं तीच विरोधात? सरपंच म्हणाले, "अक्का, बोल ना. ठराव अडकस शे."

"मी नागपूरले सांगी उनू," अक्का म्हणाली. "तेच धरा."

ग्रामसेवकानं पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, नागपूरला म्हटलेलं व्हय इथं धरायचं? नियमात बसतं का हे?"

अक्काही माझ्याकडे बघत होती.

"धरा," मी म्हणाले.