एका बोल्टासाठी थांबलेले माग

बुऱ्हाणपूरला जायला नाशिक सोडलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि आमचे हे फाटकात हाताची घडी घालून उभे होते. "गाडी दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत परत आली, तर विकायची," असा करार झाला होता. मान्य मीच केला होता, रागाच्या भरात. एकोणसाठाव्या वर्षी मी गाडी शिकले ती याच गाडीवर. आता गाडी अठरा वर्षांची, सुटे भाग बाजारातून नाहीसे झालेले. पण ती विकली, की मी पुन्हा दुसऱ्याच्या सवडीने हिंडणार. शेजारी माझी शाळेपासूनची मैत्रीण मंगल, मांडीवर चिवड्याचा डबा आणि तोंडात सूचना घेऊन बसली होती.

रावेर मागे पडलं तरी केळीच्या बागा संपेनात. मध्य प्रदेश कधी लागला ते कळलंच नाही. बुऱ्हाणपूरच्या जुन्या कोटाच्या दरवाजात शिरले, तर समोरून केळीच्या घडांनी लादलेला ट्रॅक्टर, मागून ऑटोरिक्षा आणि मध्ये मी. एका ऑटोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "निघा निघा ताई, अजून चार बोटं जागा आहे!" चार बोटं खरंच होती. संध्याकाळी तापीच्या घाटावर पाय बुडवून बसलो आणि मग मावाजलेबी (खव्याची, काळपट आणि चांगली जाडजूड) खाल्ली. मंगलने मधुमेहाला त्या दिवशी रजा दिली.

दुसऱ्या दिवशी असीरगडला जायचं होतं. सकाळी लॉजच्या आवारात गाडीखाली हिरवट पाणी साचलेलं दिसलं. बॉनेट उघडलं. इंजिनातलं गरम पाणी जिथून रेडिएटरकडे जातं, तिथे वाटीएवढी अॅल्युमिनियमची बॉडी असते. तिच्या झाकणाच्या बोल्टाशी थेंब जमत होते. बोल्ट ढिला झाला असणार. पाना काढून मी कसला. थेंब थांबला. थांबला तर गप्प बसावं ना? "अजून एक पीळ देते," म्हणाले आणि दिला. कट् आवाज झाला. बोल्टाचं डोकं पान्यात आलं, उरलेला तुकडा आत राहिला.

"तुला कोणी सांगितलं होतं?" मंगल म्हणाली. कोणीच नव्हतं सांगितलं.

लॉजवर बोलावलेल्या मेकॅनिकने बॉडी खोलून हातात घेतली आणि मान हलवली. "ताई, ही बॉडी आता भेटत नाही. तुकडा काढायला ड्रिल मारावी लागेल, आणि ड्रिल जरा सरकली ना, तर खतम. मी हात नाही लावत. टोचन लावून घेऊन जा."

टोचन हा शब्द ऐकून माझं तोंड इतकं पडलं असावं, की त्यालाच दया आली. "एक काम करा, नारायणमास्टरकडे जा. मागाचे तुटलेले बोल्ट तेच काढतात."

मास्टर (यंत्रमागांची दुरुस्ती करणारा कारागीर) सत्तरीचे, बारीक अंगाचे. त्यांच्या कारखान्यात वीस-बावीस माग एकदम खडखडत होते. तिथे कोणी बोलतच नाही, सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी. मास्टरांनी बॉडी पाहिली, बोटाने तुकडा चाचपला आणि आम्हाला बाहेर ओट्यावर आणलं.

"निघेल. पण अबी नाही. लाइट जाऊ द्या."

"लाइट कशाला जायला हवी?"

"माग चालू असले का जमीन हालते. हात हालला का तुमचं काम बिघडलं. लाइट गेली का सगळं शांत. तवा मी हाताच्या ड्रिलनं करतो."

"मग इथे ओट्यावर करा ना."

त्यांनी माझा तळवा धरून ओट्यावर टेकवला. ओटा थरथरत होता. भिंतीपलीकडेही मागच होते.

"लाइट कधी जाते?"

"रोजच जाते. आज बी जाईल ना."

जन्मभर लाइट गेली म्हणून चरफडणारी मी, ती जावी म्हणून ओट्यावर बसले. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. आतून एक विणकर दारात यायचा, जळत्या बल्बकडे बोट दाखवायचा आणि हसत परत जायचा. शेवंताबाई नावाची बाई मागांसाठी सुताच्या कांड्या भरत होती. ती म्हणाली, "आम्ही रोज शिव्या देतो ना, म्हणून आज रुसली!" तिने आम्हाला आपल्या डब्यातली भाकरी आणि वांग्याची भाजी दिली. मंगलचा चिवडा कारखानाभर फिरला. तीन वाजले तरी बल्ब जळतच होता.

"एवढी घाई कायची आहे, ताई?" मास्टरांनी विचारलं. मी करार सांगून टाकला. बोल्ट मीच तोडला, हेही सांगितलं. 

मास्टर काही बोलायच्या आत शेवंताबाई उठली. "अशी कशी विकतील? चालवते कोण, ताईच ना?" ती तडक आत गेली आणि मागांच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं, माझ्याकडे बोट केलं, मग दोन्ही तळवे खाली दाबले. पहिल्या मागावरचा माणूस माझ्याकडे पाहून हसला आणि त्याने हँडल ओढलं. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. ती पलीकडच्या कारखान्यातही जाऊन आली. थोड्या वेळाने भिंतीमागचा खडखडाटही थांबला. कुठल्याशा घरात कुकरची शिट्टी झाली, ती स्पष्ट ऐकू आली. वीज होती, बल्ब जळत होता, आणि केवळ माझ्या आगाऊपणापायी दोन कारखाने गप्प उभे होते.

मास्टरांनी बॉडी शिकंज्यात धरली. तुकड्याच्या बरोबर मध्ये पंचने खूण केली आणि हाताचं ड्रिल हळूहळू फिरवत बारीक भोक पाडलं. मग बॉडी बर्नरवर तापवली आणि तुकड्याला मेणबत्ती लावली. मेण वितळून आट्यांमध्ये उतरलं. जुनी कानस घासून केलेली चौकोनी सळई त्यांनी भोकात ठोकली आणि डावीकडे पीळ दिला. तुकडा हलेना. त्यांनी पुन्हा तापवलं, पुन्हा मेण लावलं. मंगलने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की वळ उठले. मग सळई किंचित फिरली. पाव फेरा, अर्धा फेरा, आणि तुकडा आख्खा बाहेर आला. आतल्या आट्यांना ओरखडाही नव्हता.

"निघाला!" सगळे एकदम ओरडले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी मारली. मी शेवंताबाईला मिठी मारली. मास्टरांनी नवा बोल्ट माझ्याच हातून बसवून घेतला. "बस. दोन बोटांचाच जोर. पूरा हात लावला का तुटलाच." लगेच माग सुरू झाले आणि माझे आभार त्या आवाजात बुडाले. मी हात जोडले, त्यांनी हातानेच "जा, जा" केलं.

संध्याकाळी मेकॅनिकने बॉडी चढवली. दुसऱ्या दिवशी आम्ही असीरगड चढलो. मंगल चारदा बसली, पाचव्यांदा मीही बसले. वरून खाली पसरलेला हिरवागार मुलूख पाहताना मला नुसतं हसू येत होतं.

चौथ्या दिवशी आपल्याच चाकांवर नाशिक गाठलं आणि मंगलला तिच्या घरी सोडलं. खरं म्हणजे करार मी जिंकले होते, गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण अनोळखी माणसांना सांगता आलं ते घरच्या माणसापासून लपवायचं, हे जमेना. फाटकातच यांना सगळं सांगितलं. बोल्ट मीच तोडला आणि माझ्यासाठी लोकांनी माग थांबवले.  मी गाडी शिकल्यापासूनच्या तीन वर्षांत हे एकदाही माझ्या शेजारी बसले नव्हते, घाई आहे, ऊन आहे, काही ना काही निघायचंच. आत जाऊन यांनी चपला घातल्या, गाडीचं डावीकडचं दार उघडलं आणि बसून पट्टा लावला.

"चल," म्हणाले, "तू नेशील तिकडे."