नवख्यांची भिंत

ब्लॅकटाउनला माझं फ्रेमचं दुकान आहे. इथल्या व्यावसायिक बेसबॉल संघात दरवर्षी एका नवख्याला बक्षीस मिळतं. पहिल्याच मोसमात जो सर्वांत चांगला खेळतो, त्याला. त्याचा फोटो क्लबच्या भिंतीवर लागतो. ते सगळे फोटो मी लाकडी फ्रेममध्ये बसवले होते. बेसबॉल मला अजून पुरता कळत नाही, पण ही पोरं मला पाठ होती. डावखुरा होता तो अमेरिकेला गेला. त्याच्या शेजारचा जपानला. एकाचा खांदा गेला, तो आता घरं विकतो. बक्षीस मिळालेला इथे फार काळ थांबत नाही.

अगदी पहिला मानकरी मात्र इथेच राहिला. मी दुकान उघडलं तेव्हा फुटलेली काच बदलायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक तोच. त्याने दमेपर्यंत घासाघीस केली, मी तापलो, तो हसला, आणि क्लबचं काम त्यानेच मला मिळवून दिलं. गेल्या हिवाळ्यात तो वारला.

यंदा क्लबमध्ये नवी मॅनेजर आली. तिने मला न विचारता माझ्या फ्रेमा उतरवल्या आणि काळ्या प्लॅस्टिकच्या लावल्या. मला कळलं ते थेट बक्षीस समारंभाच्या दुपारी. तडक भांडायला गेलो.

भिंत पाहिली आणि भांडण बाजूलाच राहिलं. प्रत्येक फोटोला झेंडूचा हार. संध्याकाळी आपली बरीच भारतीय मंडळी येणार होती. तिने कुठल्याशा दिवाळीच्या कार्यक्रमात हार पाहिले होते, म्हणून आमच्या मानासाठी हा सगळा घाट. ओळीने हसणारी धडधाकट पोरं, आणि सगळीच्या सगळी स्वर्गवासी.

गप्प बसायचं ठरवलं. होऊ दे शोभा, प्लॅस्टिक लावतेस काय. चहा घेऊन कोपऱ्यात बसलो. तेवढ्यात यंदाच्या मानकऱ्याची आई आली. मुलाच्या फोटोखाली उभी राहिली, हार नीट सरळ केला आणि सेल्फी काढू लागली. तिला काय माहीत? ती खूश होती. मलाच बघवेना.

मॅनेजरला बाजूला बोलावलं. म्हटलं, भिंतीवर एक मोठी चूक आहे, संध्याकाळच्या आत निस्तरायला हवी. सांगतो, पण पुढच्या वर्षीपासून फ्रेम माझीच. ती वैतागून हो म्हणाली. मग मी सांगितलं.

ती पांढरी पडली. "म्हणजे मी या सगळ्यांना मारून टाकलं?"

"सगळ्यांना नाही," मी म्हणालो. "पहिला खरंच गेलाय."

आम्ही दोघांनी मिळून हार उतरवले. काढलेले हार दाराला बांधले, तिथे ते शोभले. पहिल्या फोटोपाशी ती थांबली.

"याचा राहू दे?"

"राहू दे. पण या प्लॅस्टिकमध्ये नाही."

ती स्टोअररूममधून त्याची जुनी फ्रेम शोधून घेऊन आली. मी फोटो त्यात बसवला, काच पुसली, हार परत घातला. संध्याकाळी आपली मंडळी आली. बरेच जण त्या एका फोटोपुढे क्षणभर थांबले, कोणाला सांगावं लागलं नाही.

बाकीच्या फ्रेमा अजून स्टोअररूममध्येच आहेत. मी विसरलेलो नाही.