पत्ता नसलेली पाहुणी

लोणावळ्याची गर्दी मला सोसत नसे, म्हणून १९६०च्या दशकात मी दर हिवाळ्यात कामशेतला उतरून वडिवळ्यापलीकडच्या डोंगरात भटकायला जाई. वाट दाखवायला दर वेळी तिथल्या वाडीतला तोच वाटाड्या. कमरेला कोयता, बोलणं मोजकं. निघण्याआधी मात्र तो घरच्या माणसाचा पत्ता विचारी. लिहिता येत नव्हतं, म्हणून तो पाठ व्हावा यासाठी दारात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडून दोनदा वदवून घेई. पूर्वी एक एकटा पाहुणा कड्यावरून पडून मेला होता. पंचनामा झाला, पण त्याचं घर कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी यानेच सरण रचून त्याला जाळलं.

मी भावाचा पत्ता देत असे. त्या वर्षी भाऊ वारला होता.

"आता कोणी नाही," मी सांगितलं.

"मंग न्हाई जमायचं, मावशी. माघारी जावा."

"मी काही पडायला आलेली नाही."

"त्योबी न्हवता आला."

बायको म्हणाली, "त्येला जाळलाच की. मावशीला काय टाकून देनार हाय?"

त्याने तिला विचारलं, "परड्यात लाकडं हायती न्हवं?"

"हायती."

"चला, मावशी."