निकाल न सांगणारा मास्तर

वेंडेल स्टर्गिलइतका हट्टी मास्तर बेकर्स फोर्कच्या शाळेत दुसरा झाला नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही. मी त्याच्या समोरच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवतो. त्याचा आवाज दोन दारं ओलांडून माझ्या वर्गात यायचा, त्यामुळे अमेरिकेची राज्यघटना मला अर्धीअधिक पाठ झाली आहे. माझ्या पोरांना मात्र आम्लं अजून पाठ नाहीत.

तो खाणकामगाराचा मुलगा. बाप कोळशाच्या धुळीने खोकून खोकून गेला. भरपाईच्या सुनावणीत डॉक्टरांचे कागद टेबलावर होते, पण ते कोणी उघडलेच नाहीत. तेव्हापासून वेंडेलच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. माणसं वाईट नसतात, त्यांनी कागद वाचलेले नसतात. मास्तर झाल्यावर त्याने आयुष्यभर तेवढंच केलं. पोरांच्या हातात खरे कागद दिले.

दर वसंतात तो झेंडावंदनाचा खटला घ्यायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्याच राज्यात ठराव झाला, की शाळेत प्रत्येक मुलाने झेंड्याकडे हात करून शपथ म्हणायचीच. यहोवाच्या साक्षीदारांची पोरं म्हणेनात, कारण त्यांच्या पंथात देवाखेरीज कशालाही वंदन चालत नाही. त्यांना शाळेतून काढलं, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. वेंडेल मुलांना ठरावाची प्रत द्यायचा, आईबापांच्या जबान्या द्यायचा, हात ताठ पुढे केलेल्या वर्गांचे तेव्हाचे फोटो द्यायचा. नावं आणि निकाल तेवढे काळ्या शाईने झाकलेले. नऊ पोरं न्यायाधीश व्हायची. काळे झगे मिळत नाहीत म्हणून मेथडिस्ट चर्चच्या गायकांचे लालभडक झगे घालायची आणि स्वतःचा निकाल द्यायची.

मागच्या खुर्चीत मिस ओलेटा कटलिप बसायची. पंच्याऐंशीच्या घरातली म्हातारी, मांडीवर सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. न्यायाधीशांनी पोरांच्या बाजूने निकाल दिला की ती उठायची आणि म्हणायची, "त्या कागदात जिच्या नावावर शाई फासलीय ना, ती मुलगी मी." मग रडारड, मग केक. आदल्या वर्षीची पोरं पुढच्यांना हे कधी सांगत नसत. गावात कोणाच्या घरात काय शिजतं हे सगळ्यांना ठाऊक, पण हे गुपित मात्र टिकलं.

त्या वर्षी वेंडेलला शाळा बोर्डाच्या जुन्या फायलीत एक पत्र सापडलं. जिचा मुलगा पर्ल हार्बरच्या हल्ल्यात बुडाला, अशा एका आईने शाळेला लिहिलेलं. "माझ्या हॅरल्डच्या शवपेटीवर झेंडा टाकायचा होता, पण टाकायला पेटीच आली नाही. आणि या पोरांना साधा हात वर करायला जड जातंय." वेंडेलने ते कागदांच्या गठ्ठ्यात घातलं.

"काढ ते," मी म्हणालो. "हॅमरिकांची टेला या वर्षी मुख्य न्यायाधीश आहे. तिचा भाऊ अफगाणिस्तानातून कसा परत आला, विसरलास?"

"विसरलो नाही."

"मग? अंगात आलंय का तुझ्या?"

"ते पत्र फायलीत आहे. मी लपवलं तर मी वकील झालो, मास्तर नाही."

"अरे, म्हातारी मागे बसणार आहे! धड चालता येत नाही तिला. पुढच्या वर्षी असेल नसेल."

"म्हणूनच," तो म्हणाला. "पोरांनी सगळं वाचून तिच्या बाजूने म्हणायला हवं. अर्धं वाचून नाही."

भिंतीशी कोण डोकं फोडणार?

त्या दिवशी मीही मागे बसलो होतो, कारण वेंडेलचा ट्रक उंच आहे आणि मिस ओलेटाला माझ्याच गाडीतून आणावं लागायचं. पोरांनी कागद वाचले होते, हे मी शपथेवर सांगेन. समासात खुणा होत्या, प्रश्न नेमके होते. मग टेलाने ते पत्र वाचलं. हॅरल्डच्या नावाशी तिचा आवाज कापला आणि वर्गात कोणी हलेना. तिच्या घरी शेकोटीवरच्या फळीवर भावाच्या शवपेटीवरून उतरवलेला, तिकोनी घडी घातलेला झेंडा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

निकाल तिनेच वाचला. सहा विरुद्ध तीन. पोरांना काढलं ते योग्य केलं.

वेंडेल फळ्याशी उभा होता. त्याच्या नियमाप्रमाणे न्यायाधीशांच्या मध्ये बोलायचं नव्हतं, आणि नियम त्याचाच होता. त्याने मागच्या खुर्चीकडे पाहिलं. मिस ओलेटाने हळूच मान हलवली. सांगू नकोस.

"केक कापू या का?" ती म्हणाली.

पोरं बिचारी खूश झाली. टेला झग्यातच तिच्याजवळ आली. फार गोड पोरगी आहे, म्हातारीला हात धरून उठवणारी.

"मिस ओलेटा, तुम्ही इथल्याच ना? मग ती मुलगी तुम्हाला माहीत असेल."

"होती की. भारी हट्टी."

"पुढे काय झालं तिचं?"

"कोर्टाने परत घ्यायला लावलं. आली शाळेत. पण तिच्या बाकावर कोणी बसेना. शेवटपर्यंत एकटीच बसली."

"बरोबरच केलं त्यांनी," टेला म्हणाली. "जरा मोठा तुकडा घेऊ का? मस्त झालाय."

"घे बाळा," मिस ओलेटा म्हणाली आणि तिला कडेचा मोठा तुकडा दिला.

मला त्या पोरीच्या हातून ताटली हिसकावून घ्यावीशी वाटली. आणि तिच्या भावाचा चेहरा आठवून तसं वाटल्याची लाजही वाटली. मी माझी ताटली तशीच ठेवून दिली.

वेंडेल गाडीपर्यंत आला. मिस ओलेटाचा पट्टा त्यानेच लावला. खिडकीपाशी वाकून म्हणाला, "ओलेटा, उद्या मी त्यांना खरा निकाल सांगतो. न्यायालयाचे शब्द वाचून दाखवतो. तू कोण तेही सांगतो."

"माझं नको सांगूस. त्या पोरीला आयुष्यभर टोचेल."

"चूक माझी झाली. ते पत्र..."

"पत्र खरं होतं रे. मी ओळखत होते हॅरल्डला." तिने केकचं रिकामं ताट मांडीवर सारखं केलं. "त्या बाकावर मी एकटी बसायचे ना, वेंडेल, तेव्हा मला वाटायचं, यांना माहीत नाही. तू भेटलास तेव्हा तर खात्रीच झाली. कोणी वाचलंच नव्हतं, म्हणून तसं वागले. एवढ्यावर मी म्हातारी झाले." मग ती म्हणाली, "या पोरांनी तर सगळं वाचलं होतं."

वेंडेल खिडकीपासून मागे सरला. मी गाडी सुरू केली, कारण दुसरं काय करणार होतो?

हिवाळ्यात ती गेली. पुरायला आम्ही मोजकीच माणसं होतो.

पुढच्या वसंतात माझ्या वर्गाचं दार उघडंच होतं. वेंडेलने आल्या आल्या फळ्यावर खडूने खटल्याचा निकाल लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. कागदांचा गठ्ठा कपाटातून निघालाच नाही. पोरांनी निकाल मुकाट उतरून घेतला, आणि परीक्षेत त्या प्रश्नाला सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले.