मी सर झालो तेव्हा

स्वातंत्र्याच्या आधी मी सांगलीच्या एका कॉलेजात घंटा द्यायचो. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण अदब कुणी मला शिकवू नये. वडूजकडचा एक विद्यार्थी सुगीपायी महिनाभर गावी राहिला होता. प्रोफेसरांनी सही दिली तरच त्याला परीक्षेला बसता येणार होतं. विनंतीची तालीम करायला त्यानं मला त्यांच्या खुर्चीत बसवलं.

“सर, आपली आज्ञा असेल तर...”

“मान खाली घाल रं! पुन्हा म्हण.”

चौथ्या खेपेला दारात पावलं वाजली. गडी मागं न बघताच म्हणाला, “आवं, थांबा जरा, सरांशी बोलतोय न्हवं?”

दारात खुद्द प्रोफेसर! हात जोडून ते मला म्हणाले, “सर, आत येऊ?”

“या. पण आधी ह्याला सही द्या.”

हसून त्यांचा चष्मा घसरला, पण सही तिथंच झाली. घंटेची वेळ होईस्तोवर मी खुर्ची सोडली नाही.