पाकिटातली उंदरांची पत्रिका

रविवारी सकाळी वडगावच्या आमच्या घरी एक पाकीट फोडलं.

धाकटी बहीण वैशाली स्तनाच्या कॅन्सरवर पीएचडी करते. उंदरांच्या माद्यांना ती एक लस देते. कॅन्सरच्या पेशींवरच्या खुणा शरीराला ओळखू याव्यात म्हणून. मग त्याच पेशी त्यांच्या स्तनात सोडते, आणि शरीर त्यांना मारतं का ते पाहते.

गाठ आली का, हे ती आधी बोटांनी चाचपते. बोटं आप्पांची, आमच्या विणकर वडिलांची. हातमागावर त्यांच्याशेजारी बसून ताण्याच्या उभ्या धाग्यांतला सैल धागा ती डोळे मिटून शोधायची.

पण तिच्या सरांनी शंका काढली. कुणाला लस दिली ते तुला माहीत असतं... बोटं मग हवं तेच सांगतात. तीन वर्षांचं काम त्या एका वाक्यावर अडलं.

म्हणून सगळं पुन्हा. या वेळी काही माद्यांना लस आणि काहींना नुसतं पाणी लॅबमधल्या मैत्रिणीनं टोचलं, पिंजऱ्यांना नुसते नंबर दिले आणि यादी पाकिटात बंद करून माझ्याकडे दिली. मी कॉलेजात मराठी शिकवते, उंदरांशी माझा संबंध नाही... म्हणूनच. आप्पा रोज विचारायचे, "काय गं, उंदरांची पत्रिका नीट हाय न्हवं?"

वैशालीनं आपल्या नोंदी आधी सरांना मेल केल्या. मग मी यादी वाचू लागले, आणि ती प्रत्येक नंबरपुढची आपली नोंद सांगू लागली.

एक... नुसतं पाणी. "गाठ." दोन... लस. "न्हाय." तीन... लस. "न्हाय." आप्पांनी माग थांबवला. आठपर्यंत सगळं जुळत गेलं.

नऊ... लस.

वैशालीनं आपली नोंद पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "गाठ."

"चुकलीस की गं पोरी," आप्पा पुटपुटले.

"न्हाय आप्पा, गाठ खरीच हाय. लई बारीक. नंतर मोजली बी." ती एकदम हसायला लागली. "आक्का, हिला लस दिलीय हे ठाऊक असतं तर मी ही गाठ सोडून दिली असती गं! सरांचं बरोबर होतं... आणि तरीबी लस चालती!"

पुढचे सगळे नंबर जुळले. आप्पांनी तिचा हात हातात घेतला आणि बोटं नुसती बघत राहिले.

नवव्या मादीत लस का चालली नाही, ते शोधायला ती दुपारीच लॅबला गेली. रविवारी, स्कूटरवर, न जेवता.

एक उत्तर मनासारखं आलं नाही, म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.