टेकू काढायचा दिवस

तुमच्या घराच्या दरवाजावर जी भिंत आहे, ती कशावर उभी आहे हे तुम्ही कधी पाहिलंय का?

मीही पाहिलं नव्हतं. वर्ध्याला आमच्या सरांच्या ऑफिसात लागले, तेव्हापासून कुणाच्या घरी गेले की आधी दरवाजाच्या वर बघते. सर इंजिनिअर आहेत. खालची भिंत काढून दुकान किंवा हॉल मोठा करायचा असेल, तर वरच्या भिंतीला धरायला लोखंडी गर्डर लागतो. तो केवढा घ्यायचा हे सर ठरवतात. मी फोन घेते, नकाशांच्या झेरॉक्स काढते, आणि लोक काय काय करून बसतात ते ऐकते. असे किस्से कुणी जमवत नाही, ते चपलेला माती चिकटावी तसे आपोआप चिकटतात.

हे सगळे एकाच उन्हाळ्यातले. तेव्हा नाचणगावच्या प्रभाकरभाऊंचं काम आमच्या डोक्यावर होतं. भाजीपाल्याचं शेत त्यांचं. घराची समोरची भिंत काढून भाजीचं दुकान करायचं होतं. त्या भिंतीवर माडीची विटांची भिंत, आणि तिला लागूनच त्यांच्या वडिलांची, आबाजींची खाट. आबाजींचे गुडघे गेलेले. काम होईपर्यंत खाली चला म्हटलं, तर म्हातारा ऐकेना. "हे भित मी बांधली. मले काऊन उतरवता?" एवढंच बोलायचे आणि कूस बदलायचे.

सरांची झोप उडाली होती, ती त्या एका खाटेमुळे.

*

त्यातच बोरगाव मेघेहून एका गृहस्थांचा फोन आला. गर्डर केवढा लागेल, असं अगदी सहज विचारत होते. भिंत कधी काढणार, असं मी विचारलं.

"काढली न काल."

मी रिसीव्हरवर हात ठेवून सरांना सांगितलं. सर उभेच राहिले. म्हणाले, टेकू लावलेत का विचारा. मी विचारलं.

"लावलं न. बायकोचं लोखंडी कपाट सरकवलं खाली."

सर हेल्मेट न घालता गाडीवर बसले. परत आले तेव्हा शर्ट घामाने ओला होता. तिथे पोचल्यावर त्यांनी आधी सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि टेकूसाठी लाकडी बल्ल्या मागवल्या. तेवढ्यात त्या घरच्या बाई कपाट उघडायला परत आत निघाल्या होत्या. सरांनी हात आडवा केला, तर गृहस्थ बायकोला म्हणाले, "राहू दे. साड्यानंच वजन आलं त्याले, म्हणून टिकलं."

*

हिंगणीच्या एका पाहुण्यांनी तर आम्हाला न विचारताच गर्डर कापून आणला होता. आमचा वेल्डर गजाननभाऊ तो बसवायला गेला आणि तिथूनच त्याने फोन लावला. पाहुण्यांनी दाराचं माप या काठापासून त्या काठापर्यंत घेतलं होतं आणि तेवढाच गर्डर कापला होता. गर्डरची दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत नीट टेकायला हवीत, हे त्यांच्या गावीच नव्हतं. फोनवर मागून त्यांचा आवाज येत होता. "एकदम फिट बसते साहेब, बोटभर जागा सुटत नाई!"

सर म्हणाले, "बसते कशावर, ते विचार त्यांना."



*

प्रभाकरभाऊ पिशवीभर वांगी घेऊन ऑफिसात आले, ते भांडायलाच. गर्डर फार जाड सांगितला म्हणे. गावातल्या कुणाच्या तरी घरी याच्या निम्म्याचा आहे.

"हत्ती बांधाचा हाय का सर त्याले?"

सरांनी शांतपणे समजावलं. बारीक गर्डर तुटणार नाही, पण मधून थोडा वाकेल. लोखंड वाकतं आणि तसंच राहतं. विटांच्या भिंतीला वाकता येत नाही, ती चिरते. म्हणून वजन पेलणं पुरत नाही, गर्डर वाकलाही नाही पाहिजे.

"माही भित समजूतदार हाय, सर."

"भिंत आहे हो," सर म्हणाले. "तिच्या बाजूला झोपणारे नाहीत."

प्रभाकरभाऊ हसले नाहीत. जाडच गर्डर आणला.

*

मग माडीच्या भिंतीखाली आधार घालून टेकू लागले, खालची भिंत निघाली, गर्डर चढला. त्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला. गर्डर आणि भिंत यांच्यातली फट सिमेंटच्या मसाल्याने ठासून भरली. तो पक्का होईपर्यंत टेकूंना हात लावायचा नव्हता. पण अक्षयतृतीया आली. दुकानाचा मुहूर्त त्याच दिवशीचा, आणि टेकू नेमके दारात. प्रभाकरभाऊंच्या बायकोने, वंदनाताईंनी मला फोन केला; त्यांच्या भावाने टेकू पाडायला हातोडा काढला होता. सर ऑफिसात नव्हते. मी म्हटलं, "ताई, भावाला सांगा, तोरण टेकूलाच बांधा. आणि हातोडा तुमच्याजवळ ठेवून घ्या."

सगळे पाहुणे टेकूंमधून वाकून वाकून दुकानात गेले. कुणीतरी टेकूंनाही कुंकू लावलं. वंदनाताईंनी आरती केली ती हातोडा पदराखाली धरून.

*

टेकू सैल करायच्या दिवशी सरांनी मलाही नेलं. गर्डरच्या खाली बोट जाईल एवढी फट ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला होता. मी दोऱ्याकडे बघायचं आणि फट कमी होताना दिसली की ओरडायचं.

आबाजी अजूनही वरच होते. प्रभाकरभाऊ हात जोडून आले, वंदनाताई रडून आल्या. शेवटी सर स्वतः वर गेले. त्यांचं बोलणं खाली ऐकू येत होतं.

"थोडा वेळ अंगणात बसा, आबाजी."

"गर्डर तुम्ही ठरवला न?"

"हो."

"मंग भरोसा नाई का त्याच्यावर?"

"आहे."

"तर बसा इथं. सूनबाई, सरले चहा आन."

सर खाली आले नाहीत. वरूनच गजाननभाऊला म्हणाले, कर सुरू. आवाज नेहमीसारखाच होता. गजाननभाऊने माझ्याकडे पाहिलं, मी दोऱ्याकडे पाहिलं. पहिला टेकू सैल झाला. वरून चिमूटभर माती माझ्या हातावर पडली. दुसरा सैल झाला तेव्हा कुठेतरी कर्र वाजलं. वंदनाताईंनी माझा दंड धरला. मी डोळे हलवले नाहीत. वरून काहीच आवाज नव्हता, कपाचाही नाही.

शेवटचा टेकू गजाननभाऊने दोन्ही हातांनी काढून अंगणात ठेवला. दोरा आणि गर्डर यांच्यात माझं बोट अजून जात होतं.

मी वर गेले. सर भिंतीला पाठ टेकून बसले होते. चहावर साय धरली होती. आबाजी म्हणाले, "पिऊन घ्या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी मुलाच्या खांद्याला धरून जिना उतरले, खाट गर्डरच्या बरोबर खाली टाकायला लावली, आणि दुपारपर्यंत तिथेच झोपले.